हेलियम : सूर्यावर प्रथम दिसलेला वायू

दिनांक १८ ऑगस्ट १८६८ रोजी झालेल्या खग्रास सूर्यग्रहणाची छाया ज्या पट्ट्यातून गेली, त्यात जमखंडी हे गाव होते. सांगली-मिरजेप्रमाणेच हेही पटवर्धनांचे संस्थान. आज ते कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात मोडते. भूमापन खात्यातील लेफ्टनंट जॉन हर्शेल तेथे दुर्बीण व वर्णपटदर्शक मांडून बसले होते. पावसाळी आकाश ढगांनी भरलेले. फटीतून जे क्षण मिळाले तेवढ्यात त्यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या प्रकाशात तांबडी, नारिंगी व निळी अशा तीन तेजस्वी रेषा पाहिल्या. नारिंगी रेषा सोडियमची असावी असे त्यांना वाटले. ही चूक कशी घडते, हे वर्गात सहज दाखविता येईल. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत मिठाची चिमूट टाकावी. ज्योत पिवळी होते. तो रंग सोडियमचा. नव्या वायूची रेषा याच रंगाच्या अगदी शेजारी पडते.

गुंटूर येथे जान्सेन या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याच दिवशी निरीक्षण केले, आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या ज्वालांच्या रेषा पाहता येतात असे दाखविले. इंग्लंडात लॉकियर यांनी २० ऑक्टोबर रोजी स्वतंत्रपणे हेच साधले. पिवळी रेषा सोडियमशी जुळत नाही हे त्यांच्या ध्यानात आले. पुढे या अज्ञात द्रव्यास सूर्यवाचक ग्रीक शब्दावरून ‘हेलियम’ हे नाव मिळाले. पृथ्वीवर तो सापडण्यास १८९५ साल उजाडले. रॅम्झे यांनी युरेनियमयुक्त खनिजातून तो वेगळा केला.

लॉकियर यांनी १८६८ साली विजयदुर्ग किल्ल्यावरून हा शोध लावला, असे पुष्कळदा सांगितले जाते. सहलीच्या वेळी तर हमखास. परंतु त्या वर्षी ते इंग्लंडातच होते. विजयदुर्गास ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडून गेला होता. शिक्षकांनी दोन्ही ग्रहणे निरनिराळी सांगावीत.

हेलियम रंगहीन, गंधहीन व अत्यंत निष्क्रिय आहे. तो जळत नाही. हायड्रोजन वगळता याहून हलका वायू नाही. उणे २६९ अंश सेल्सिअसच्या सुमारास तो द्रवरूप होतो. ही गोष्ट कामरलिंग ऑनेस यांनी १९०८ साली साधली. या अतिशीत द्रवाने चुंबकाची वेटोळी थंड ठेवली जातात, म्हणून रुग्णालयांतील एमआरआय यंत्रांस तो लागतो. युरेनियम व थोरियम यांच्या विघटनातून तो भूगर्भात अतिशय मंद गतीने तयार होतो व नैसर्गिक वायूबरोबर मिळतो. हवेत सुटला की विरून जातो, आणि हळूहळू अवकाशात निसटतो.

मुले जत्रेतील तरंगत्या फुग्याचे उदाहरण देतील. तेथे सावध राहावे. स्वस्त म्हणून अशा फुग्यांत कित्येकदा हायड्रोजन भरलेला असतो व तो ठिणगीने पेट घेतो. असा फुगा दिव्याजवळ नेऊ देऊ नये. हेलियम पेटत नसला, तरी आवाज बदलण्याच्या गमतीसाठी तो श्वासात घेणे घातक आहे, कारण तेवढा वेळ फुप्फुसांस प्राणवायू मिळत नाही.