गाडीवरचे जुने रेडियम उतरवणे : दुर्लक्षित, पण कमाईचे काम

व्यापाऱ्याच्या टेम्पोवरचे नाव ही त्याच्या दुकानाची चालती पाटी असते. दुकानावरच्या पाटीवर धूळ बसली की आपण नोकराकडून पुसून घेतो. टेम्पोवरच्या नावाची अर्धी अक्षरे उडाली, कडा काळ्या पडल्या, फोन नंबरातला एक आकडा गळाला, तरी तीच गाडी वर्षानुवर्षे गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहते. नवे रेडियम लावून देणारे प्रत्येक नाक्यावर सापडतात. जुने नीट उतरवून देणारा मात्र शोधावा लागतो. आज त्या उतरवण्याविषयी चार गोष्टी लिहायच्या आहेत, कारण त्यात कारागिराची रोजी आहे आणि गाडी बाळगणाऱ्या व्यापाऱ्याचा नफा-नुकसानही आहे.

रेडियम आर्टच्या लहान दुकानांत आपली बरीच मुले काम करतात. या दुकानांचा रोजचा गल्ला नंबर प्लेटवर चालत असे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट विक्रेत्याकडूनच लागून येऊ लागली. त्याआधीच्या गाड्यांनाही ती बसवण्याची सक्ती महाराष्ट्रात झाली आणि २०२५ साली तिच्या मुदती एकामागून एक वाढत गेल्या. ही प्लेट ठरवून दिलेल्या कंपन्यांच्या केंद्रांवरच लागते. नाक्यावरच्या कारागिराचा त्यात हात नाही. गेलेल्या कामाचे दुःख करण्यात दिवस घालवण्यापेक्षा जे काम कोणी मन लावून करत नाही ते शिकून घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी नावाविषयी. आपण ज्याला रेडियम म्हणतो त्यात रेडियम नावाचा धातू औषधालाही नसतो. तो एके काळी अंधारात चमकणाऱ्या घड्याळांच्या तबकडीवर वापरत, आणि अंधारात चमकते ते रेडियम अशी आपली बोली झाली. गाडीवर चिकटते ते व्हिनाइल, म्हणजे पीव्हीसीचा पातळ पापुद्रा. अमेरिकेत वाल्डो सेमन या रसायनतज्ज्ञाने १९२६ साली कडक पीव्हीसीत तेलासारखे द्रव्य मिसळून ते मऊ केले, तेथून हा माल निघाला. हे मऊ ठेवणारे द्रव्य लक्षात ठेवा, पुढे सगळी भानगड त्याचीच आहे.

व्हिनाइल दोन तऱ्हेचे येते आणि फरक आम्हा कापडवाल्यांना चटकन समजतो. भिवंडी-इचलकरंजीचे ग्रे कापड प्रोसेस हाऊसमध्ये गेले की शेवटी ते गरम रोलरांमधून दाबून काढतात. त्याला कॅलेंडर करणे म्हणतात. कापडाला झळाळी येते आणि पहिल्या धुण्यात निम्मी निघून जाते. स्वस्त व्हिनाइलही असेच गरम रोलरांमध्ये दाबून, ओढून पातळ करतात, आणि त्यालाही कॅलेंडर्डच म्हणतात. ओढून वाढवलेला माल आपली मूळ लांबी विसरत नाही. सॅन्फोराइज न केलेला सुती सदरा पहिल्या पाण्यात आखडतो, तसे हे व्हिनाइल उन्हात आखडते. अक्षर आत सरकते, कडेला गोंदाची रेघ उघडी पडते, तिच्यावर धूळ बसते आणि प्रत्येक अक्षराला काळी किनार येते. दुसरा प्रकार कास्ट. यात पातळ रसायन ओतून भट्टीत सुकवतात, ओढाताण नसते, म्हणून ते आखडत नाही. ते साधारण ५० मायक्रॉनचे, म्हणजे कॅलेंडर्डपेक्षा पातळ असते, आणि रिव्हेटवर, पत्र्याच्या नळ्यांवर, वळणावर नीट बसते. साधे कॅलेंडर्ड आपल्या उन्हात दोन-तीन वर्षांत हात टेकते. चांगले कास्ट उभ्या पत्र्यावर सात-आठ वर्षे काढते. बॉनेट आणि टपावर मात्र दोन्हींचे आयुष्य बरेच कमी होते, कारण तिथे ऊन सरळ डोक्यावर पडते.

कॅलेंडर्ड लावून कास्टचे पैसे घेणारे बाजारात आहेत. पॉलिस्टर दाखवून सुती म्हणून विकण्यासारखेच ते आहे. मालाचा ऐब सांगून विकावा ही आपल्याला शिकवण आहे, तेव्हा कारागिराने रोलच्या पाठीमागच्या कागदावरचे छापील नाव गिऱ्हाइकाला स्वतःहून दाखवावे आणि बिलावर प्रकार लिहावा.

उतरवण्याची रीत

ऊन आणि वर्षे यांनी ते मऊ ठेवणारे द्रव्य उडून जाते. पापुद्रा अंड्याच्या टरफलासारखा होतो. नखाने ओढला की तुकडा हातात येतो आणि बाकीचे पत्र्यावर राहते. इथेच घाईचा कारागीर पत्री किंवा ब्लेड काढतो. ब्लेडने अक्षर निघते आणि रंगही निघतो. पावसाळ्यात त्या जागी गंज धरला की गाडीमालकाच्या लक्षात येते, तोवर कारागिराचे पैसे चुकते झालेले असतात.

पहिले काम धुण्याचे. साबणाच्या पाण्याने पत्रा स्वच्छ करा, नाहीतर धुळीचे कण रंगावर घासले जातात. त्याआधी जुन्या नावाचा फोटो घ्या आणि ट्रेसिंग पेपर लावून अक्षरांचा खाका उतरवा. जरीकाम करणाऱ्यांना खाका म्हणजे काय हे सांगायला नको. एकदा पापुद्रा निघाला की माप गेले, मग 'पूर्वी होते तसेच करा' असे मालक म्हणतो तेव्हा कारागीर अंदाजावर येतो.

नंतर ऊब. हीट गन एका जागी न रोखता फिरवत राहा. पत्रा हाताला जेमतेम सोसेल इतका गरम झाला की पुरे. कमी उबेत पापुद्रा तुटतो. जास्त उबेत तो रबरासारखा ताणतो आणि गोंद पत्र्यावरच राहतो. कोपरा नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने उचला आणि झटका न देता, मागे दुमडत, संथ ओढा. एका मुठीएवढा भाग गरम करायचा, तेवढाच ओढायचा. भाजका वास आला किंवा धूर दिसला तर गन ताबडतोब बाजूला करा. पीव्हीसी जळाले की त्यातून निघणारा वायू छातीला वाईट. काढलेले तुकडे पेटवून देण्याची सवयही म्हणूनच सोडावी.

पापुद्रा अगदीच भुगा होत असेल तर ड्रिलला लावायचे रबरी चाक मिळते. ते खोडरबराप्रमाणे व्हिनाइल आणि गोंद दोन्ही खाते. चाक ड्रिललाच लावा, ग्राइंडरला नको. ग्राइंडरचे फेरे इतके जास्त असतात की रंग जळून डाग पडतो. एका जागी दाबूनही धरू नका, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

राहिलेल्या गोंदासाठी आपल्याकडे सर्रास पेट्रोल वापरतात. बाजूला हीट गन चालू आणि हातात पेट्रोलचा बोळा, हे दृश्य मी मुंबईत आणि भिवंडीत दोन्हीकडे पाहिले आहे आणि दोन्ही वेळा तिथून लवकर निघालो आहे. थिनरही धोक्याचे. कंपनीच्या भट्टीतल्या रंगाला ते थोडा वेळ सोसते, पण गॅरेजमध्ये मारलेला रंग त्याने विरघळतो. मिनरल टर्पेंटाइन धीमे पण बरे. कपडा भिजवून गोंदावर पाच-दहा मिनिटे ठेवा, मग प्लास्टिकच्या पट्टीने लोटा. टर्पेंटाइनचा तेलकटपणा मागे राहतो, त्यावर नवे व्हिनाइल चिकटत नाही. म्हणून साबणाने धुऊन शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. नावात अल्कोहोल असले तरी ते पिण्याचे नव्हे, विषारी आहे, तेव्हा बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. कोणतेही रसायन आधी दाराच्या आतल्या कोपऱ्यावर एक थेंब लावून पाहावे.

पवित्र नावे

आता एक गोष्ट, जी या धंद्यात सांगणारे कोणी नाही. आपल्या गाड्यांवर बिस्मिल्लाह, माशाअल्लाह, कलमा, काबा शरीफचे चित्र असते. उतरवताना त्याचे तुकडे खाली पडतात, पायाखाली येतात आणि झाडूने गटारात जातात. गाडी धुण्याआधी हे भाग प्रथम काढावेत. त्यावर चाक फिरवू नये, कारण भुगा चहूकडे उडतो. सबुरीने उबेवर पूर्ण तुकडा काढावा, वेगळ्या पिशवीत ठेवावा आणि पाक जागी पुरावा. काही जण वाहत्या पाण्यात सोडतात, पण हा प्लास्टिकचा माल नदीत सोडण्यापेक्षा पुरणे बरे. नवे लावताना मालकाला सांगावे की चाकाजवळ, मडफ्लॅपवर, चिखल उडेल अशा ठिकाणी अल्लाहचे नाव लावू नका. एखादे गिऱ्हाईक कमी झाले तरी चालेल, हे सांगितलेच पाहिजे.

आणि दुसऱ्या धर्माच्या बांधवांची गाडी आली, तिच्यावर देवाचे नाव किंवा शिवाजी महाराजांचे चित्र असले, तर तोच अदब. नीट काढून मालकाच्या हातात द्यावे. आपल्या मुलांच्या हातून हे काम कसे होते ते मालक पाहत असतो, आणि पुढच्या वेळी कोणाकडे जायचे ते तिथेच ठरते.

मागे राहणारी सावली

सगळे साफ झाल्यावरही पत्र्यावर जुने नाव पुसट दिसते. झाकलेला रंग ताजा राहिलेला असतो आणि भोवतालचा उन्हाने उडालेला असतो. कपाटाच्या दर्शनी भागातल्या थानाची घडी उलगडली की पट्टा दिसतो, तसे हे. रबिंग कंपाऊंड आणि पॉलिशने फरक कमी होतो, पुष्कळदा पूर्ण जात नाही. हे काम घेण्याआधीच सांगावे. नवे नाव जुन्यापेक्षा थोडे मोठे करून सावली झाकता येते, किंवा तो भाग रंगवून घ्यावा. रंगवल्यास लगेच व्हिनाइल लावू नका. हवेत सुकणाऱ्या रंगातून तीन-चार आठवडे वाफ निघत राहते आणि नव्या अक्षरांखाली फोड येतात.

व्यापाऱ्याने आणखी एक पाहावे. गाडी विकताना आपले नाव उतरवूनच विकावी. नाव तसेच राहिले आणि नव्या मालकाने अपघात केला किंवा भलता माल वाहिला, तर लोक गाडीवरचे नाव वाचून आपल्या दुकानावर येतात. भागीदारी फुटल्यावर तर हा प्रश्न हमखास उभा राहतो.

नवे लावणे तुलनेने सोपे. कडक उन्हात लावू नका, सावलीत लावा. मधून कडेकडे पट्टीने हवा काढत जा. मोठ्या पट्ट्यांचे जोड देताना खालचा तुकडा आधी आणि वरचा त्याच्यावर चढवून, कौले घालतात तसे, म्हणजे पाणी आत जात नाही. बाजूने जोड असेल तर मागचा आधी आणि पुढचा त्यावर, म्हणजे वाऱ्याने कड उचलत नाही. छापील चित्र असेल तर शाई एक दिवस सुकू द्यावी, मग वर लॅमिनेशन हवे. कास्टवर कास्टचेच लॅमिनेशन घ्यावे, वर कॅलेंडर्ड लावले तर ते आखडून कडा वळवते.

मालवाहू गाड्यांवरच्या परावर्तक पट्ट्या, पुढे पांढरी, मागे लाल, बाजूंना पिवळी, या शोभेसाठी नाहीत. त्या कायद्याने लागतात. काढल्या तर नव्या लावूनच गाडी रस्त्यावर काढा. सगळी गाडी व्हिनाइलने मढवून रंगच बदलायचा असेल तर आरटीओकडे नोंद लागते.

या हुनराला पुढे वाव कुठे आहे? अमेरिकेत घराएवढ्या मोटारी असतात, आत बिछाना, चूल, न्हाणीघर. इंडियाना राज्यातले एल्कहार्ट शहर त्या धंद्याचे केंद्र आहे. या गाड्यांच्या बाजूंवर लांबलचक रंगीत पट्टे असतात. वर्षातले बरेच महिने त्या एका जागी उभ्या असतात, म्हणून दक्षिणेकडची बाजू आधी तडकते. जुन्या मॉडेलचे पट्टे कारखान्यात पुष्कळदा मिळत नाहीत, मग गाडीवरूनच खाका उतरवून नवे कापतात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. आपल्याकडे अशा गाड्या अजून थोड्या आहेत, पण टेम्पो ट्रॅव्हलर, स्कूल व्हॅन, अॅम्ब्युलन्स, फिरते खाद्यपदार्थांचे ट्रक भरपूर आहेत आणि प्रत्येकाचे नाव कधी ना कधी बदलते. फायबरचे अंग असेल तर ऊब आणखी कमी ठेवावी, ते पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही आणि एका जागी तापून पिवळे पडते.

शेवटी भावाचे. बहुतेक दुकानदार नव्या रेडियमचा भाव चौरस फुटावर सांगतात आणि 'जुने काढून देतो' हे फुकटात घालतात. काढायला लावण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मग मजूर घाई करतो, ब्लेड निघते आणि रंग जातो. उतरवण्याचा भाव वेगळा सांगा, तो तासावर ठेवा, आणि काम घेण्याआधी एक अक्षर काढून पाहून मगच अंदाज द्या. चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून मालकाची सही घ्या : पत्रा आधी रंगवलेला आहे की नाही, सावली राहील की नाही, नवा माल कास्ट की कॅलेंडर्ड. निम्मी रक्कम आगाऊ, बाकी गाडी नेताना. आणि गाडी देताना सांगा की दोन दिवस धुऊ नका, नंतरही प्रेशरच्या पाण्याचा फवारा अक्षरांच्या कडेवर जवळून मारू नका.