कचऱ्याचे मोल आणि कचऱ्याचे शुल्क

रद्दीवाला दारी आला म्हणजे घरची मंडळी तराजूच्या काट्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहतात. वर्तमानपत्रांचा गठ्ठा, रिकामे डबे, बाटल्या यांचे चार पैसे पदरात पडतात आणि व्यवहार गोडीने संपतो. त्याच दारी महिन्याच्या आरंभी कचरा नेणारी बाई शुल्क मागू लागली की मात्र कपाळावर आठी चढते. एकाच घरातून निघणाऱ्या काही वस्तूंचे पैसे मिळावेत आणि काहींचे उलट द्यावे लागावेत, हा कोणता न्याय?

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर कचऱ्याच्या स्वभावातच सापडते. कागदाचा पुन्हा लगदा होतो, पत्रा भट्टीत वितळतो. म्हणून त्यांना गिऱ्हाईक असते. परंतु आपल्याकडील घरगुती कचऱ्यात वजनाने निम्म्याहून अधिक भाग भाजीची देठे, फळांच्या साली आणि उष्टे-खरकटे यांचा असतो. तो दुसऱ्या दिवशी कुजू लागतो. म्हणून पाऊस असो वा सण, तो रोजच उचलावा लागतो. शुल्क आहे ते या उचलण्याचे व वाहून नेण्याचे. भारत सरकारच्या २०१६ सालच्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण करणे आणि शुल्क देणे ही दोन्ही कर्तव्ये घरोघरच्या नागरिकांवर टाकली. त्यांपैकी दुसऱ्यावर वाद पुष्कळ होतो. पहिल्याची आठवण क्वचितच कोणाला असते.

या दोहोंचा संबंध पाहावयाचा असेल तर पुण्याकडे पाहावे. तेथे पाठीवर पोते घेऊन कचराकुंड्या उपसणाऱ्या स्त्रियांकडे एके काळी चोर म्हणूनच पाहिले जाई. १९९३ साली त्यांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, डॉ. बाबा आढावांसारख्या कार्यकर्त्याचे पाठबळ तिला लाभले. पुढे महापालिकेने या संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि २००८ साली याच कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेशी दारोदार कचरा गोळा करण्याचा करार केला. या व्यवस्थेचे वैशिष्ट्य असे की, घरोघरचे शुल्क कचरा नेणाऱ्या सभासदाच्याच हाती पडते, आणि सुक्यातील विकाऊ माल विकण्याचा हक्कही त्याचाच राहतो. तिची मिळकत अशी दोन पायांवर उभी असते. शुल्क बुडाले तर एक पाय लंगडा होतो. कागदावर आमटी सांडली तर दुसरा. ज्या अंकातून वाचक हे वाचीत आहेत, तो अंकही खरकट्यात पडला की रद्दीच्या भावाला मुकतो! शिवाय मिसळलेला कचरा तिला हातांनीच निवडावा लागतो, आणि त्यात फुटकी काच असते, पाते असते, वापरलेले सॅनिटरी नॅपकिनही असतात. हे नॅपकिन कागदात गुंडाळून वर लाल खूण करावी, एवढीच तिची मागणी आहे. ती फार मोठी म्हणता येणार नाही.

इंदूरची रीत निराळी. तेथे महापालिकेची खणाखणांची गाडी दारावर येते आणि शुल्क महापालिकेकडे जमा होते. देवगुराडिया येथे २०२२ साली प्रकल्प सुरू झाला, तेव्हा तो दिवसाला ५५० टन ओला कचरा पचविण्याच्या क्षमतेचा होता. हवाबंद टाक्यांत जीवाणू तो कुजवितात, निघालेला वायू शुद्ध करून वाहनांना इंधन म्हणून देतात, आणि उरलेल्याचे खत होते. परंतु या जीवाणूंना प्लॅस्टिक पचत नाही. पुण्याची ढकलगाडी असो की इंदूरचा अवाढव्य प्रकल्प, दोहोंचे यश ठरते ते स्वयंपाकघरातील ओट्यापाशीच.

आता शुल्काच्या न्यायाचा मुद्दा. एक पिशवी टाकणारा आणि चार पिशव्या टाकणारा यांना आपल्याकडे बहुधा सारखाच आकार पडतो. दक्षिण कोरियाने १९९५ पासून निराळी वाट धरली. तेथे कचरा टाकण्याची ठराविक पिशवीच विकत घ्यावी लागते, आणि निवडून ठेवलेला पुनर्वापराचा माल मात्र फुकट नेतात. जितका कचरा अधिक, तितका खर्च अधिक. ही युक्ती सरळ आपल्याकडे आणावी, असे कोणी म्हणेल. पण जेथे घरामागेच नाला वाहतो, तेथे पिशवीचे पैसे वाचविण्याचा मार्ग कोणता निघेल, हे सांगावयास नको. तूर्त सरसकट शुल्कच बरे. मात्र त्यात निवडणाऱ्याला सवलत नसल्यामुळे, निवडण्याचा लाभ आपल्या घरी दिसत नाही. तो दिसतो भंगाराच्या दुकानात, गाडी ओढणारीच्या पोत्याचे वजन होते तेव्हा. दुधाची पिशवी विसळून वाळविली तर तेथे तिला भाव येतो. ती कापताना कोपऱ्याचा तुकडा पिशवीलाच लोंबता ठेवावा. सुटा झालेला तो इवलासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही आणि थेट गटारात जातो.