राखीव प्रतीवरून संगणक पुन्हां उभा करतांना



घरांतला संगणक एके दिवशीं सुरू होईनासा झाला, म्हणजे पुष्कळांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो असा, कीं काळजीचें कारण नाहीं, बॅकअप घेतलेला आहे. प्रत राखून ठेवण्याची दूरदृष्टि दाखविली, ही निःसंशय चांगली गोष्ट होय. परंतु प्रत जवळ असणें निराळें आणि त्या प्रतीवरून सबंध संगणक पूर्ववत् उभा करणें निराळें. ह्या दोहोंमध्यें जें अंतर आहे, त्यांतच मुलांच्या लहानपणच्या छायाचित्रांपासून एखाद्या पतपेढीच्या जमाखर्चापर्यंत सारें कांहीं कायमचें हरवूं शकतें. हें अंतर कसें ओलांडावें आणि मध्येंच अडल्यास काय पाहावें, ह्याचा आज विचार करावयाचा आहे.

यंत्र नवें असलें तरी प्रश्न जुना आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील नेवासें येथें शके १२१२ मध्यें, इसवी सन १२९० सालीं, ज्ञानेश्वरांनीं गीतेवरील आपली टीका सांगितली व सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली. पुढें प्रतींवरून प्रती होत गेल्या आणि त्यांत पाठभेद शिरले. जवळजवळ तीनशें वर्षांनीं, शके १५०६ मध्यें, पैठणच्या एकनाथांना त्या ग्रंथाचा पाठ शुद्ध करावा लागला. आणि ह्यापुढें कोणीं त्यांत पदरची भर घालूं नये, असेंहि त्यांनीं बजावून ठेवलें. उणीव होती ती प्रतींची नव्हे, भरंवशाच्या प्रतीची. प्रतीचा भरंवसा संख्येनें येत नाहीं. ती तपासून पाहिल्यानें येतो. संगणकालाहि हाच न्याय लागू आहे.

प्रथम आपल्याजवळची प्रत कोणत्या जातीची आहे, हें ओळखावें. नुसत्या फाइलींची नक्कल असेल, तर तिच्यावरून कागदपत्रें व छायाचित्रें परत मिळतील, पण यंत्र सुरू होणार नाहीं. सबंध यंत्र उभें करावयाचें, तर डिस्कची संपूर्ण प्रतिमा लागते. तींत मूळ प्रणाली, बसविलेले प्रोग्रॅम आणि यंत्र सुरू करणारा छोटा भाग हीं सर्व असावीं लागतात. दुसरें असें, कीं जुनी डिस्क लगेच पुसूं नये. शक्य तर नव्या डिस्कवर प्रयोग करावा आणि एकुलत्या एक प्रतीवर कांहींहि लिहूं नये. तिसरें, पडद्यावर चुकीचा जो क्रमांक येईल तो कागदावर टिपून घ्यावा आणि एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कोणत्या उपायानें गुण आला हें कळत नाहीं.

आतां अडचणी क्रमानें घेऊं. पहिली अडचण, यंत्र रिकव्हरी पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाहीं. अशा वेळीं यंत्रानें प्रथम कोठें पाहावें, ह्याचा क्रम बदलावा लागतो. त्याचबरोबर यंत्र सुरू होण्याच्या दोन पद्धति आहेत, जुनी बायोस आणि नवी यूईएफआय. मूळ प्रणाली ज्या पद्धतीची, त्याच पद्धतीनें पेनड्राइव्ह सुरू केला पाहिजे. नाहीं तर प्रत सांपडूनहि ऐन वेळीं यंत्र ती बसविण्यास नकार देतें.

दुसरी अडचण, डिस्क दिसतच नाहीं. येथें पुष्कळ जण डिस्क मेली असें समजून नवी आणावयास धांवतात. वस्तुतः कित्येकदां पेनड्राइव्हवरील प्रोग्रॅमला त्या डिस्कशीं बोलण्याची भाषाच ठाऊक नसते. ती भाषा म्हणजे ड्रायव्हर. यंत्राच्या उत्पादकाकडून तो मिळवून पेनड्राइव्हवर ठेवला व तेथें वाचविला, म्हणजे डिस्क दिसूं लागते.

तिसरी अडचण, प्रत सांपडत नाहीं. विंडोजची जुनी अंगभूत सोय आपली प्रतिमा बाहेरच्या डिस्कच्या अगदीं वरच्या पातळीवर, ठराविक नांवाच्या फोल्डरमध्येंच शोधते. कोणीं नीटनेटकेपणाच्या हौसेनें त्या फोल्डरचें नांव बदललें किंवा तो दुसऱ्या फोल्डरांत घातला, तर प्रत समोर असून यंत्राला दिसत नाहीं. प्रत टप्प्याटप्प्यानें घेतलेली असेल, तर पहिली पूर्ण प्रत आणि तिच्यामागून आलेली प्रत्येक पुरवणी लागते. साखळीची एक कडी निखळली कीं तिच्या पुढच्या कड्या निरुपयोगी होतात. आणि प्रत कुलूपबंद असेल, तर किल्ली हवीच. बिटलॉकरची रिकव्हरी किल्ली ४८ अंकांची असते. ती त्याच संगणकांत जपून ठेवणें, म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरींतच ठेवणें होय.

चौथी अडचण जागेची. जुनी डिस्क ५०० गिगाबाइटची होती आणि तीवर मजकूर अवघा ६० गिगाबाइट होता, म्हणून २५६ ची नवी डिस्क पुरेल, असा हिशेब चुकतो. विंडोजची ही सोय मजकूर पाहत नाहीं, मूळ डिस्कचें माप पाहते.

पांचवी अडचण सर्वांत फसवी. काम पूर्ण झालें असा संदेश येतो, पण यंत्र सुरू होत नाहीं. अशा वेळीं सर्व विधि पुन्हां पहिल्यापासून करण्याची घाई करूं नये. बहुधा मजकूर जागच्या जागीं असतो. फक्त यंत्राला प्रणालीकडे नेणारी वाट बुजलेली असते. रिकव्हरी पेनड्राइव्हवरील सुरुवात दुरुस्त करणारी सोय प्रथम चालवून पाहावी.

ह्याउलट, यंत्र सुरू झालें म्हणजे कार्य सिद्धीस गेलें, असेंहि नव्हे. निरनिराळ्या वर्षांच्या फाइली उघडून पाहाव्या, हिशेबाच्या बेरजा ताडाव्या. संगणकांत विषाणु शिरल्यानंतर प्रत घेतलेली असेल, तर प्रतीबरोबर विषाणुहि परत येतो. तेव्हां त्यापूर्वींची प्रत शोधावी लागते.

ही दक्षता केवळ घरगुती यंत्रांपुरती नाहीं. ३१ जानेवारी २०१७ रोजीं गिटलॅब ह्या जगप्रसिद्ध कंपनींत एका कर्मचाऱ्याच्या हातून चालू माहितीसंग्रह पुसला गेला. प्रती राखण्याच्या योजना एकाहून अधिक होत्या. पण नित्याची प्रत घेणारा प्रोग्रॅम आवृत्तींच्या विसंगतीमुळें मुकाट्यानें बंद पडलेला होता, आणि तसें कळविणारीं पत्रें वाटेंतच नाकारलीं जात होतीं. दुसऱ्याच कामासाठीं सुमारें सहा तास आधीं घेतलेली एक प्रत अखेर उपयोगीं पडली. मधल्या तासांतील मजकूर मात्र गेला. तेथें ज्ञानाचा अभाव नव्हता. प्रत परत बसवून पाहण्याचा परिपाठ नव्हता.

म्हणून तीन प्रती, दोन निराळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर, हा प्रचलित नियम पाळावाच. परंतु त्याला एक कलम जोडावें. वर्षांतून एकदां तरी, यंत्र धडधाकट असतांनाच, रिकाम्या डिस्कवर ती प्रत बसवून पाहावी. त्यांत एखादी सुटी खर्चीं पडेल. पण पेनड्राइव्ह चालतो कीं नाहीं, किल्ली कोठें आहे, साखळी अखंड आहे कीं तुटली, हें सारें निवांतपणीं कळेल. संकटाच्या दिवशीं ह्याच प्रश्नांचीं उत्तरें शोधावीं लागलीं, तर त्यांची किंमत फार मोठी असते.