जाम बोल्टची समजूत काढताना

आमची मारुती ८०० रत्नागिरीत वाढलेली. चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारा वारा. त्यामुळे इंजिन उघडायला घेतलं तेव्हा बोल्ट सुखासुखी सुटणार नाहीत, याची तयारी ठेवली होती. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं हे इंजिन घरी उघडण्याइतकं साधं आहे. दिवस खातात ते अडून बसलेले बोल्ट.

पाना लावण्याआधी बोल्ट कशामुळे अडलाय ते पाहायचं. लोखंड गंजलं की तो गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि आट्यांमध्ये पाचर मारल्यासारखा बसतो. सिलिंडर हेडचं दुखणं वेगळं. हेड अ‍ॅल्युमिनियमचं, बोल्ट पोलादी. दोन धातूंच्या मध्ये खारट ओल शिरली की बॅटरीच्या सेलसारखी क्रिया सुरू होते, अ‍ॅल्युमिनियम झिजतं आणि फटीत पांढरी भुकटी साचते. लाल दिसतंय की पांढरं, यावर पुढचे उपाय ठरतात.

पहिलं काम तारेच्या ब्रशचं. बाहेर दिसणारे आटे चकचकीत होईपर्यंत घासायचे, नाहीतर सुटत आलेला नट त्याच घाणीत पुन्हा अडकतो. मग पेनिट्रेटिंग ऑइल. डब्ल्यूडी-४० घरोघरी असतं, पण ते १९५३ साली मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं. जाम आट्यांसाठी खास मिळणारं पातळ तेल जास्त आत शिरतं. संध्याकाळी मारायचं, बोल्टच्या डोक्यावर पंच ठेवून हातोडीचे आठदहा नेमके ठोके द्यायचे, सकाळी पुन्हा तेच. ठोक्यांनी गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. मी हे दोन-तीन दिवस करतो. घाईने तुटलेला एक बोल्ट काढायला त्याहून जास्त दिवस जातात.

पान्याची गोटी (सॉकेट) सहा कोनांचीच घ्यावी. बारा कोनांची गोटी बोल्टच्या कोपऱ्यांवर जोर देते आणि गंजलेले कोपरे लगेच गोल होतात. लांब दांडा लावला की आधी बोल्ट किंचित आवळायच्या दिशेने दाबायचा. पकड मोडते ती कुठल्याही दिशेला मोडली तरी चालते. मग उलट.

इथे हाताला काय जाणवतं, त्याकडे सगळं लक्ष हवं. बोल्ट खरोखर सुटतो तेव्हा ‘कट्’ असा कोरडा आवाज येतो आणि जोर एकदम कमी लागतो. आवाज न होता दांडा रबरासारखा मऊ फिरू लागला, तर बोल्ट सुटत नाहीये, पिळला जातोय. तिथेच थांबायचं. सुटलेला बोल्टही एका दमात काढू नये. पाव फेरा बाहेर, थोडा परत आत, तेलाचा थेंब, पुन्हा बाहेर.

एवढ्याने हलला नाही तर उष्णता. त्याआधी पेट्रोलची नळी, कार्बोरेटर, तेलकट चिंध्या सगळं लांब न्यायचं. क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेला भाग तर तापवूच नये, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून बोल्ट न तापवता त्याच्या भोवतीचं हेड हीट गनने तापवायचं. भोक बोल्टपेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड ढिली पडते. अ‍ॅल्युमिनियमवर उघडी ज्योत मी धरत नाही. ते साधारण ६६० अंशांना वितळतं, मिश्रधातू त्याहीआधी, आणि वितळण्यापूर्वी लोखंडासारखं लाल होऊन इशारा देत नाही. सायलेन्सरच्या बाजूचे लोखंडी नट मात्र ज्योतीने तापवता येतात. नट थोडा निवला की त्याला मेणबत्ती टेकवायची, वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं.

क्रँकच्या टोकाचा मोठा बोल्ट इंजिन गाडीत असतानाच ढिला करून ठेवावा. गाडी वरच्या गिअरमध्ये टाकायची, कोणाला तरी ब्रेक दाबून बसवायचं, म्हणजे क्रँक फिरत नाही. इंजिन खाली उतरवल्यावर हाच बोल्ट अर्धा दिवस खातो.

हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड असताना, बाहेरच्या टोकांकडून मधे येत, प्रत्येकी पाव-अर्धा फेरा अशा तीन-चार फेऱ्यांत सोडायचे. एकेक पुरता काढत गेलं तर हेड वाकतं. बोल्ट निघाले तरी हेड उचलत नाही, तेव्हा फटीत स्क्रू ड्रायव्हर घालण्याचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. त्या पृष्ठभागावर पडलेला एक ओरखडा नव्या गॅस्केटमधूनही पाणी झिरपवतो. हेडला नेमक्या जागी बसवणाऱ्या डॉवेल पिना गंजल्या की ते धरून बसतं. पिनांपाशी तेल सोडून बाजूंनी लाकडी मोगरीने ठोकावं, पोर्टमध्ये हातोड्याचा लाकडी दांडा घालून हळूच डोलवावं आणि हेड सरळ वर घ्यावं, तिरपं नाही.

वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पिस्टनच जाम असतो. सिलिंडरमध्ये तेल भरून काही दिवस ठेवायचं. पिस्टनच्या वर भिंतीवर दिसणारा गंज बारीक पॉलिश पेपरने आधी साफ करायचा, मगच लाकडी ठोकळा ठेवून मोगरीने ठोकायचं. स्टार्टर मारून तो सोडवू पाहणाऱ्यांनी रिंगा मोडून घेतल्या आहेत.

आणि बोल्ट तुटलाच तर? थोडा वर उरला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घ्यावं. वेल्डिंगची उष्णताच निम्मं काम करते. आत तुटला असेल तर बरोबर मध्यावर सेंटर पंच मारून उलट्या पिळाच्या ड्रिलने भोक पाडावं, पुष्कळदा ते पाडतानाच तुकडा फिरून बाहेर येतो. त्या भोकात उलटा पिळून तुकडा बाहेर काढायचा एक्स्ट्रॅक्टर मी अगदी शेवटी हातात घेतो. तो फार कडक पोलादाचा असतो. आत मोडला तर साधं ड्रिल त्याला चावत नाही आणि हेड घेऊन मशीन शॉप गाठावं लागतं.