वाढीची खूण आणि वाढीचे कारण

सुरतेहून हजिऱ्याकडे जाताना इच्छापोर लागते. या सुरत परिसराने शेळीच्या एका जातीला आपले नाव दिले आहे. ती सुरती शेळी. बहुधा पांढरी, मध्यम बांध्याची आणि चांगल्या कासेची ही शेळी घराच्या आडोशालाही पाळता येते. नवसारी कृषी विद्यापीठाच्या पशुधन संशोधन केंद्रावर तिचा कळप आहे. ती दुधासाठी ओळखली जाते. पण पाळणाऱ्याच्या हाती एकरकमी पैसा येतो तो बोकड विकून. म्हणून करडू किती लवकर वजन धरते, हा प्रश्न घरखर्चाशी जोडलेला असतो.

इथे एक अडचण आहे. कळपात जो बोकड सर्वांत वेगाने वाढतो, त्यालाच गिऱ्हाईक आधी मिळते. पैशाची निकड असते, सण जवळ आलेला असतो आणि थोराड बोकड विकला जातो. मागे राहतो तो किरकोळ बोकड आणि पुढच्या पिढीचा बाप तोच होतो. कोणाचाही दोष नसताना कळप पिढ्यान्‌पिढ्या खुजा होऊ शकतो. कोणता बोकड राखायचा हे विक्रीच्या वयाआधीच कळले, तर हे टळेल. जनुकीय चिन्हकाची उपयुक्तता इथे सुरू होते.

चिन्हक म्हणजे काय? शेळीच्या पेशीत गुणसूत्रांच्या ३० जोड्या असतात. त्यांवर ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला मजकूर असतो. दोन शेळ्यांच्या मजकुरात काही ठिकाणी एखादे अक्षर वेगळे असते. मराठीत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत एका वेलांटीने अर्थ बदलतो. पण ‘आणि’ हा शब्द ‘आणी’ असा लिहिला तरी वाक्याचा अर्थ बहुधा तोच राहतो. जनुकांतही तसेच आहे. काही बदल अर्थ पालटतात, काही केवळ ओळखीपुरते असतात.

हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्यांना हे लवकर पटेल. दोन पोथ्या समोर ठेवून, कधी एकीवरून तर कधी दुसरीवरून, सलग ओळी उतरवून घेणारा लेखनिक कल्पा. नव्या प्रतीत एखाद्या ओळीत पहिल्या पोथीची विशिष्ट चूक दिसली, तर शेजारच्या ओळीही बहुधा तिथूनच आल्या असणार. बोकडाकडेही मजकुराच्या दोन प्रती असतात आणि करडाला त्यांतून अशीच सांधलेली एक प्रत मिळते. चिन्हक ही ती ओळखीची चूक. ती वाढ घडवतेच असे नाही. वाढ घडवणाऱ्या मजकुराच्या शेजारी ती असू शकते. पिढ्या सरतात तसा हा शेजार तुटू शकतो. म्हणून एका जातीत सापडलेली खूण दुसऱ्या जातीत खरी ठरेलच असे नाही. सुरतीची खूण उस्मानाबादी शेळीत नव्याने तपासावी लागते.

मराठी मुलखातले एक उदाहरण मेंढीचे आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातील गरोल मेंढीतले ‘फेक-बी’ हे जनुक-रूप दख्खनी मेंढीत आणले. त्यामुळे जुळ्यांचे प्रमाण वाढते. हा बदल एकाच अक्षराचा आहे, ए च्या जागी जी. २००१ साली त्याची नेमकी जागा कळली. त्यामुळे थोड्याशा रक्तावरून कोकरू लहान असतानाच ते रूप त्याच्यात आहे की नाही हे सांगता येते. इथे खूण आणि कारण एकच आहेत.

वाढीचे तसे नाही. वाढ-संप्रेरकाचे जनुक, इन्सुलिनसदृश वाढ-घटकाचे जनुक, स्नायूंची वाढ आवरणारे मायोस्टॅटिनचे जनुक यांवर शेळ्यांत अभ्यास झाले आहेत. पण वजन अनेक जनुकांच्या लहान लहान वाट्यांतून ठरते. शिवाय आईचे दूध, चारा, जंत आणि जन्माचा ऋतू यांचाही त्यात भाग असतो. जुळ्यातले करडू एकट्या जन्मलेल्यापेक्षा हलके असते, ते त्याच्या जनुकांमुळेच असे म्हणता येत नाही. म्हणूनच जन्माचे, तीन महिन्यांचे, सहा महिन्यांचे वजन, आईबापांची नोंद आणि करडू एकटे की जुळे हे वहीत लिहिलेले नसेल, तर प्रयोगशाळेतील अक्षरे मुकीच राहतात. चिन्हक वहीची जागा घेत नाही. ते वहीचा उपयोग वाढवते.

शब्दांच्या बाबतीतही एवढी काळजी हवी. ‘वाढीचे जनुक सापडले’ असे वाक्य पाठ्यपुस्तकात किंवा बातमीत सहज येते. ‘वाढीशी संबंध असलेली खूण सापडली’ हे वाक्य लांब आहे, पण खरे आहे. पहिल्या वाक्यावर विसंबून शेळीपालक महागडा बोकड विकत घेईल. दुसरे वाचून तो आधी विचारील, ‘ही खूण आमच्या शेळ्यांत तपासली आहे का?’ हा प्रश्न त्याला विचारता यावा, इतकी नेमकी भाषा त्याच्यापर्यंत पोचवणे हे लेखक आणि शिक्षकांचे काम आहे.