नेऱ्याला की नेरेला?

आमच्या शाळेत परिपाठ झाला की रोज दहा मिनिटे भाषेचा सराव असतो. प्रार्थना, प्रतिज्ञा, सुविचार, बातम्या आणि मग सराव. बाई फळ्यावर पाच शब्द आणि एक वाक्य घेतात. कधी श्रुतलेखन, कधी लिंग-वचन बदला, तर कधी नुसते मोठ्याने वाचायचे. काही मुलांना हा सराव आवडत नाही. मला आवडतो. शाळेत येणारे पालक विचारतात, की मराठी तर पोरांना येतेच, मग मराठीचा रोज सराव कशाला? म्हणून यावेळी भित्तिपत्रकात मी त्यावर लिहिले आहे.

उत्तर आमच्या गावाच्या नावातच आहे. आमचे गाव नेरे, तालुका पनवेल, जिल्हा रायगड. आता सांगा, तुम्ही नेरेला जाता की नेऱ्याला?

गावात नवीन राहायला आलेले लोक 'नेरेला' म्हणतात. 'नेरेमध्ये' असेही म्हणतात. पण माझी आजी 'नेऱ्याला' म्हणते, 'नेऱ्याची' म्हणते. आजी एक दिवससुद्धा शाळेत गेलेली नाही. तरी बरोबर तीच आहे. पुणे असेल तर आपण पुण्याला जातो, पुणेला जात नाही. ठाणे असेल तर ठाण्याला जातो. तसेच नेरे, नेऱ्याला. आमच्या जवळचे चिपळे आहे, ते चिपळ्याला. मालडुंगे आहे, ते मालडुंग्याला. पनवेलच्या शेवटी 'ए' नाही, म्हणून ते पनवेलला. माथेरानही तसेच, माथेरानला.

शब्दाला 'ला', 'चा', 'त', 'ने' असे काही जोडायचे असले की शब्द आधी आपले रूप बदलतो. त्या बदललेल्या रूपाला सामान्यरूप म्हणतात. नाव अवघड आहे, काम सोपे आहे. पाहुणे येणार म्हटल्यावर आई ओटी झाडून घेते ना, तसा शब्द जरा आवरून बसतो आणि मग 'ला'ला आत घेतो. नेरेचे नेऱ्या होते आणि त्याला 'ला' लागतो.

आता 'नेऱ्या' लिहायचा कसा, ही खरी गंमत आहे. 'र' अर्धा झाला की मराठीत दोन प्रकारे लिहितात. सूर्य, कार्य, धैर्य यांत तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. नेऱ्या, वाऱ्या, पायऱ्या, कैऱ्या यांत तो डोक्यावर चढत नाही, आडवा कोयत्यासारखा अक्षराच्या आधी राहतो. कोणी म्हणेल, कसाही लिहा, काय फरक पडतो? फरक पडतो. 'दर्या' म्हणजे समुद्र. 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आमच्या शाळेच्या बाजूने माथेरानचा डोंगर आणि प्रबळगड दिसतो. तिथे दऱ्या आहेत, दर्या नाही. दर्या उरणच्या बाजूला. मोठ्याने म्हणून बघा. 'दर्या' म्हणताना 'द'वर जोर पडतो. 'दऱ्या' म्हणताना पडत नाही. जोर पडला तर र डोक्यावर, नाही पडला तर आडवा. हे बाईंनी एकदाच सांगितले आणि वर्गाला कायमचे कळले, कारण सगळ्यांनी दहा वेळा ओरडून म्हटले होते. शेजारच्या वर्गातल्या गुरुजींनी येऊन बघितले, काय झाले म्हणून.

आता घरच्या बोलीचे लिहिते. हे सगळ्यात महत्त्वाचे आहे.

आमच्या घरी आगरी बोलतात. वर्गात बरीच मुले आगरी बोलणारी आहेत, काही कातकरी वाडीवरून येतात, तर काही बाहेरगावाहून आलेली आहेत. आमच्या घरी 'मला'ला 'मना' म्हणतात, 'पाणी'ला 'पानी', 'शाळा'ला 'शाला', 'गाडी'ला 'गारी', 'घरात'ला 'घरान'. आमच्यातली काही मुले पाचवीला लांबच्या मोठ्या शाळेत जाणार आहेत. आमच्या आळीतली एक ताई अशीच गेली. तिकडे वर्गात ती 'शाला' म्हणाली, तर मुले हसली. आता तिला उत्तर येत असले तरी ती हात वर करत नाही. हुशार आहे ती. गणितात तर फारच. मला याचे वाईट वाटते, आणि रागही येतो.

सरावाच्या तासाला आम्ही याचाच शोध लावला. बाईंनी फळ्याचे दोन भाग केले. एका बाजूला लिहिले 'घरी' आणि दुसऱ्या बाजूला 'पुस्तकात'. मग आम्ही शब्द सांगत गेलो. डोळा – डोला, शाळा – शाला, काळा – काला. पुस्तकात जिथे जिथे ळ आहे, तिथे तिथे घरी ल. एकही चुकला नाही! मग ण घेतला. पाणी – पानी, कोण – कोन, लोणी – लोनी. पुस्तकातला ण घरी न होतो. तोही ठरलेला.

मग ड घेतला. गाडी – गारी, घोडा – घोरा, साडी – सारी, वाडी – वारी. आम्हाला वाटले, ड म्हणजे र, झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, "बाई, डोंगराला रोंगर कुठे म्हनतो आपण?" खरेच की! डोंगर डोंगरच राहतो. डोळ्याचा ळ बदलतो, पण ड तसाच राहतो, डोला. डोके, डबा, डाळ यांचा ड पण बदलत नाही. मग सगळे शब्द शोधू लागले. तोंड, अंडे, भांडे यांतही ड तसाच. शेवटी नियम सापडला. शब्दाच्या सुरुवातीला ड असेल तर ड राहतो. आधी अनुस्वार असेल तरी ड राहतो. गाडी, घोड्यासारखा शब्दाच्या मधे मोकळा सापडला तर त्याचा र होतो. हा नियम कुठल्या पुस्तकातून घेतलेला नाही, आम्हीच काढला. आणि गंमत म्हणजे आजीला तो आधीपासून येतो, कारण ती चुकूनसुद्धा रोंगर म्हणत नाही.

म्हणजे घरची बोली अशी वाकडीतिकडी नाही. तिलाही व्याकरण आहे. जिथे नियम असतो त्याला अशुद्ध कसे म्हणायचे? बाई म्हणतात, घरची भाषा घरची आणि पुस्तकाची पुस्तकाची, दोन्ही आल्या पाहिजेत.

मग पुस्तकाचीचा सराव का करायचा? कारण लिहिताना अर्थ बदलतो. वेळ म्हणजे घड्याळातली आणि वेल म्हणजे काकडीचा. मूळ जमिनीत असते आणि मूल पाळण्यात. मळा शेतकऱ्याचा, मला म्हणजे माझ्यासाठी. कोण म्हणजे कुठला माणूस आणि कोन म्हणजे भूमितीतला. घरी "घरान कोन हाय?" म्हटले तर सगळ्यांना कळते. पण पेपरात 'कोन' लिहिला तर तपासणारा कंपासपेटी काढेल. बोलताना समोर माणूस असतो, तो समजून घेतो. कागदावर लिहिले की आपण तिथे नसतो सांगायला.

तरी बोलतानाही घोटाळा होतोच एखादा. आजी एकदा "वारीला चालली" म्हणून निघाली, तर नवीन शेजारीणबाई पाया पडायला आल्या. त्यांना वाटले पंढरपूरची वारी. आजी चालली होती पलीकडच्या वाडीला, भाताचे बी आणायला.

ऱ्हस्व-दीर्घाचेही तसेच आहे. पाच सप्टेंबरला शिक्षक दिन असतो. 'दिन' म्हणजे दिवस. त्याला दुसरी वेलांटी दिली की 'दीन' होतो, म्हणजे गरीब बिचारा. त्या दिवशी फलक लिहिणाऱ्याने जपून लिहावे, नाहीतर सगळे शिक्षक बिचारे होतील.

ऱ्हस्व-दीर्घ पाठ करून येत नाही, असे मला वाटते. थोडे नियम कळले तर बरेच शब्द आपोआप येतात. सगळ्यात सोपा नियम शेवटच्या अक्षराचा. शब्दाच्या शेवटी इ किंवा उ आला तर तो दीर्घ. पाटी, नदी, गाढी, चाकू, लाडू. 'आणि' मात्र ऱ्हस्व. तो या नियमाला जुमानत नाही, हे लक्षात ठेवायचे. दुसरा नियम मला जास्त आवडतो. गूळ, फूल, मूल, बहीण, विहीर हे शब्द एकटे असताना दीर्घ असतात. पण मागे शेपूट लागले की ऱ्हस्व होतात. गूळ, पण गुळाचा खडा. फूल, पण फुलांचा हार. विहीर, पण विहिरीत. म्हणून बघा, 'गुळाचा' म्हणताना तोंडही लवकर पुढे जाते. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले गुण, मंदिर असे शब्द यात धरायचे नाहीत, ते आधीपासूनच ऱ्हस्व आहेत.

आमच्या गावात शांतिवन आहे. सगळ्यांना माहीत आहे. शांती एकटी लिहिली तर दीर्घ. पुढे वन जोडले की 'ति' ऱ्हस्व, शांतिवन. आता येता-जाता पाटी बघा म्हणजे लक्षात राहील.

हे नियम कोणी केले, असे मी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, बोलण्याचे नियम कोणी एकाने केले नाहीत, ते लोकांच्या बोलण्यातच होते. ते शोधून पुस्तकात लिहिणारे एक मोठे गृहस्थ म्हणजे मुंबईचे दादोबा पांडुरंग तर्खडकर. त्यांचे मराठी व्याकरणाचे पुस्तक १८३६ साली छापले गेले. दादोबांचा जन्म १८१४ सालचा. म्हणजे तेव्हा ते बावीसएक वर्षांचे असतील. माझा काका तेवढाच आहे. तो अजून मोटारसायकलवरून फिरतो.

लिहिण्याचे नियम मात्र माणसांनी बसून ठरवले. मराठी साहित्य महामंडळाने केलेले चौदा नियम सरकारने १९६२ साली मान्य केले. १९७२ साली त्यांत आणखी चार आले, म्हणजे अठरा झाले. त्याआधी लोक खूप टिंबे देत. नांव, कांहीं, तें, घरें असे लिहीत. पुण्याचे पुणें आणि ठाण्याचे ठाणें. त्या हिशेबाने आमचे गावही नेरें लिहायला पाहिजे. जी टिंबे बोलताना ऐकू येत नाहीत ती नव्या नियमांनी काढली. हे फार बरे झाले. नाहीतर श्रुतलेखनाला आमचे काही खरे नव्हते.

या अठरा नियमांत एक असा आहे, की शेवटी 'ए' असलेल्या नामाचे सामान्यरूप 'या' लावून करावे. करणे – करण्यासाठी. म्हणजे नेरे – नेऱ्याला! मी घरी जाऊन आजीला सांगितले, की तू बोलतेस ते सरकारच्या नियमात आहे. आजी म्हणाली, "मना म्हाईतच व्हता." आजीचे बोलणे मी इथे जसेच्या तसे लिहिले आहे. बाईंनी ते खोडले नाही. कोणाच्या तोंडचे बोलणे असेल तर ते तसेच लिहायचे असते.

माझी आई शाळेत सभेला येते, पण दाराजवळ बसते आणि बोलत नाही. "आमाला तुमच्यासारखा बोलता येत नाय" म्हणते. असे बोलणाऱ्या बऱ्याच आया आहेत, मी बघितल्या आहेत. त्यांनी हा लेख वाचावा, किंवा मुलांकडून वाचून घ्यावा. ड चा नियम आम्ही त्यांच्याच बोलण्यातून काढला आहे.

आमच्या वर्गातला कातकरी वाडीवरचा एक मुलगा आधी सरावाला गप्प बसायचा. फळ्यावर रकाने पडल्यावर तो म्हणाला, आमचे शब्द आणखी वेगळे आहेत. मग बाईंनी तिसरा रकाना आखला. त्याचे शब्द मी इथे लिहीत नाही, कारण ते तोच लिहिणार आहे. पुढच्या महिन्यात या जागेवर त्याचा लेख लागेल.

ज्यांना घरी सराव करायचा आहे त्यांनी आमच्यासारखा करावा. वही लागत नाही, पाटी चालते. जेवायच्या आधी पाच शब्द घ्यायचे. ताटातलेच घ्या. भात, मीठ, डाळ, मासळी, पाणी. तो, ती की ते ते सांगायचे. तो भात, ते मीठ, ती डाळ. मग त्यांना शेपूट लावायचे. मिठात, डाळीला, पाण्याने. मीठची वेलांटी कशी बदलली ते ज्याला दिसले त्याला पहिली भाकरी. आमच्या घरी हे चालते, आणि बापूसपण आता खेळतो.

या लेखाच्या खाली मी एक कोरा कागद चिकटवला आहे. त्यावर दोन रकाने आहेत, 'घरी' आणि 'पुस्तकात'. ज्याला घरचा शब्द आठवेल त्याने लिहावा. पेन्सिल दोऱ्याला बांधली आहे, ती नेऊ नये. कोणाला लिहिता येत नसेल तर मला सांगा, मी लिहीन. मधल्या सुट्टीत मी इथेच असते. आजीचे अकरा शब्द लिहून झालेत.

– इयत्ता चौथीची विद्यार्थिनी