अडकित्त्याचा लोगो: गंमत करायची, पण किती?

शहाडहून बोलतेय. स्टेशन जवळच आहे, त्यामुळे मध्येच लोकलचा भोंगा आला तर सांभाळून घ्या. (वाचणाऱ्यांना तो त्रास नाही!)

आज लोगोबद्दल बोलूया, तोही एका भन्नाट संग्रहालयाच्या. पुण्यात बाजीराव रोडजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. तिथे घरात वापरायच्या वस्तूंचीच गर्दी: दिवे, दौती, वाद्यं, आणि अडकित्ते! पक्ष्यांच्या, प्राण्यांच्या, माणसांच्या आकाराचे. सुपारी कातरायला एवढा थाट? पाहून मी तर हसतच सुटले.

त्या संग्रहालयाने मला काही काम दिलेलं नाही हं. मी डिझाइन शिकतेय, सराव म्हणून त्यांच्यासाठी लोगो करून पाहिला. पहिला प्रयत्न: डोळे मिचकावणारी सुपारी, आणि खाली 'मोदक' फॉन्टमध्ये नाव. मुंबईच्या 'एक टाइप'चा हा गुबगुबीत देवनागरी फॉन्ट मोफत मिळतो, मला फार आवडतो. पण इथे सगळं मिळून मिठाईच्या दुकानाची पाटी झाली.

आजीला दाखवलं. तिच्या पानाच्या डब्यात अजून अडकित्ता आहे. तिने एवढंच विचारलं, "हा राजा कोण गं?"

राजा म्हणजे दिनकर केळकरांचा मुलगा. लहानपणीच गेला. 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने गावोगाव फिरून वीस हजारांच्या आसपास वस्तू जमवल्या, आणि संग्रहालयाला मुलाचं नाव दिलं. आता त्या नावाखाली डोळे मिचकावणारी सुपारी कशी ठेवणार? फाइल डिलीट केली.

मग गंमत सोडायची का? नाही. ती वरून चिकटवायची नाही, अक्षरातच शोधायची. लंडनच्या व्ही अँड ए संग्रहालयासाठी ॲलन फ्लेचरने 1989 मध्ये हेच केलं. 'ए'चा एक पाय उडवला, आणि शेजारच्या 'अँड'च्या चिन्हाने ते अक्षर पुरं केलं. ना चित्र, ना कार्टून, तरी बघणारा हसतो.

आता 'राजा' लिहून बघा. 'जा'मध्ये दोन उभे दांडे शेजारी शेजारी येतात: एक 'ज'चा, एक काना. वरून शिरोरेषेने जोडलेले. हा अडकित्ताच झाला की! मी शिरोरेषेत एक ठिपका दिला, तो सांधा. काना थोडा बाहेर झुकवला, की अडकित्ता उघडला. तिकिटावर कमी उघडा, पोस्टरवर जास्त, मोबाइलवर तर हलणारा. दृश्य ओळख म्हणतात ती हीच: चिन्ह एकच, पण जागेप्रमाणे वागणारं. रंग घेतले पानाच्या तबकातले: पानाचा हिरवा, काताचा तांबडा, चुन्याचा पांढरा.

ॲनिमेशन करताना मात्र एक घोळ झाला. अडकित्ता पूर्ण मिटला की दोन्ही दांडे एक होतात, काना गायब, आणि 'राजा'चं होतं 'राज'. ज्या मुलाचं नाव टिकावं म्हणून सगळा खटाटोप, त्याचंच नाव माझा लोगो दर दोन सेकंदांनी खात होता.

म्हणून नियमांच्या पानावर पहिली ओळ लिहिली: अडकित्ता कधीच पूर्ण मिटणार नाही. मोबाइलवरच्या अगदी छोट्या आयकॉनमध्येही फट दिसलीच पाहिजे. त्यासाठी दांडे तीनदा बारीक केले. आजीला पुन्हा दाखवलं, तर म्हणाली, "सांधा जरा सैल वाटतोय."